तिसरा ताण

रुद्राणी गच्चीवर मिरच्या वाळत घालत होती. तेवढ्यात समोरच्या गच्चीवरून लोखंडी तारेचं एक वेटोळं बोळावरून उडत आलं आणि धप्पकन मिरच्यांत पडलं. मिरच्या चौफेर उधळल्या. तिचं डोकं थोडक्यात वाचलं, डोळा मात्र वाचला नाही.

“अय्यो! काय करालाव हो तुम्ही?”

पलीकडच्या कठड्यावर आधी एक चष्मा वर आला, मागोमाग त्याचा मालक.

“लागलं का?”

“मिरची गेली डोळ्यात.”

“अरेरे… मी कठड्यावर टाकत होतो.”

“म्हणजे मुद्दाम टाकली?”

“मुद्दामच, पण… मिरच्यांत नव्हती टाकायची.”

प्रेमाची सुरुवात म्हणून हे काही फारसं देखणं दृश्य नव्हे. बाईच्या एका डोळ्यातून पाणी, हातात तारेचं टोक आणि ओठांवर येऊ घातलेली शिवी. पण झालं ते असं झालं, आपण त्याला काय करणार?

मल्लिनाथ मूळचा अक्कलकोटचा. सोलापूरच्या तार ऑफिसात नोकरी लागून त्याला तीन महिने झाले होते आणि समोरच्या माडीवरची खोली त्यानं भाड्यानं घेतली होती. दिवसभर लोकांच्या तारा पाठवायच्या – कुणी वारलं, कुणी पास झालं, कुणी ताबडतोब निघा – आणि संध्याकाळी खोलीवर येऊन, स्वतःच्या हातानं जोडलेल्या बिनतारी यंत्रावर आपल्यासारख्याच हौशी लोकांशी बोलायचं. परीक्षा देऊन मिळवलेला रीतसर सरकारी परवाना होता त्याच्याकडे. नव्हती ती फक्त उंच एरियल. त्यासाठी त्यानं जुन्या बाजारातून चाळीस फुटी पाइप आणला होता. असा पाइप उभा राहायचा तर तीन बाजूंनी तारेचे ताण द्यावे लागतात. दोन ताण त्याच्या गच्चीवर बसले. तिसऱ्याच्या दिशेला त्याची गच्ची संपत होती आणि बोळ ओलांडला की रुद्राणीची सुरू होत होती.

“दोन ताणांवर नाही का राहत उभा?” तिनं पदरानं डोळा पुसत विचारलं.

“राहतो की. तुमच्या अंगावर पडेपर्यंत.”

रुद्राणी मुलींच्या शाळेत गणित शिकवायची. हसू आलं तरी ते दाबून धरायची तिला सवय होती. “पाइपाला किती उंचीवर बांधणार हा ताण?”

“तीस फूट.”

“आणि पाइपापासून हा कठडा किती लांब?”

“अठरा. मोजलंय मी.”

“मग पस्तीस फूट तार लागेल. ही किती आहे?”

मल्लिनाथनं बोटांवर काहीतरी मोजून बघितलं. मग हळूच म्हणाला, “बत्तीस…”

“शाळा कुठली हो तुमची?”

दुसऱ्या दिवशी तो नवी तार घेऊन, पण आधी गुरप्पांची परवानगी मागायला आला. गुरप्पा म्हणजे रुद्राणीचे वडील, चादरींचे दुकानदार. तिची आई जाऊन दहा वर्षं झाली होती, घरात दोघंच.

“त्या रेडिओवर बोलतोस काय तू?” गुरप्पांनी विचारलं.

“कुठून बोलतोय, आवाज कसा येतोय… असंच.”

“एवढ्यासाठी चाळीस फुटाचा खांब? लई झालं की रे!” गुरप्पा पोट धरून हसले आणि कठड्याला कडी ठोकायला हो म्हणाले. खांब पडला तर पोराला सोडणार नाही, एवढं तेवढं बजावून ठेवलं.

पाइप उभा राहिला. विजेच्या खांबाच्या ताणात चिनीमातीचा गोळा असतो ना, तसे गोळे मल्लिनाथनं पहिल्या दोन ताणांत ठिकठिकाणी घातले होते. त्यामुळे तार तुकड्यांत विभागली जाते आणि यंत्रातली शक्ती तारेतून भलतीकडे पळत नाही. तिसऱ्या ताणाच्या वेळी गोळे संपले. पुण्याहून मागवायला हवे होते. “नंतर घालू,” म्हणाला आणि सलग पस्तीस फुटांची तार रुद्राणीच्या कठड्याला बांधून मोकळा झाला. कडीच्या खालीच तिच्या खोलीची खिडकी, आणि खिडकीत रेडिओ.

सोमवारी संध्याकाळी साडेसहाला रुद्राणी वह्या तपासत होती. रेडिओवर ज्वारीवरच्या किडीबद्दल कुणी सांगत होतं. मध्येच खरखर झाली, ज्वारी बुडाली, आणि त्याच रेडिओतून मल्लिनाथ बोलला, “नमस्कार धोंडीराम! कोल्हापुरात कसा येतोय आवाज?”

रुद्राणीच्या हातून लाल पेन्सिल सुटली.

धोंडीरामचं बोलणं ऐकू येत नव्हतं, याचं तेवढं येत होतं. बटण फिरवून बघितलं, सगळीकडे हाच! “मग? खांब उंच केला ना,” तो सांगत होता. “तिसरा ताण शेजारी बांधलाय. गणिताच्या बाई आहेत तिथं. लांबी त्यांनीच काढून दिली, अगदी अचूक… काय? नाही रे बाबा. वयस्कर कशाला असतील?”

ती उठून खिडकीशी गेली. त्याला हाक मारून सांगणं हे तिचं काम होतं. हाकेच्या अंतरावर तर होता. पण धोंडीरामनं पुढे काही विचारलं असावं, कारण मल्लिनाथ थांबला आणि म्हणाला, “दिसायला? …आता कसं सांगू तुला?” रुद्राणी परत येऊन खुर्चीवर बसली.

त्या दिवशी सांगायचं राहिलं. दुसऱ्या दिवशीही राहिलं. तिसऱ्या दिवसापासून ती सव्वासहालाच रेडिओ लावून बसू लागली. गुरप्पा दुकानातून आठला येत, त्यामुळे घरात विचारणारं कुणी नव्हतं. वर्गात चोरून ऐकणाऱ्या पोरींना ती बाकावर उभं करायची, आणि स्वतः मात्र…

दर रविवारी ताण तपासायचे असत. उन्हानं तार सैल पडते, वाऱ्यानं पाइप कलतो. मल्लिनाथ ओळंबा धरून पलीकडे उभा राही आणि रुद्राणी आपल्या टोकाचा कसायचा स्क्रू फिरवी.

“एक आटा, बाई… अजून अर्धा… बास, बास!”

“बास म्हणजे सोडू का धरू?”

“धरा. सोडू नका कधी.”

म्हणायचं आणि कानापर्यंत लाल व्हायचं, असा तो गडी. यंत्रावर मात्र धबधबा! खाणावळीतलं वरण कसं पाणचट असतं, धपाटे खाऊन किती महिने झाले, सगळं धोंडीरामला सांगून मोकळा. रविवारी लांब काठीच्या टोकाला लटकत एक डबा बोळावरून त्याच्याकडे गेला. डब्यात धपाटे आणि शेंगाचटणी. संध्याकाळी रेडिओ म्हणाला, “कमाल आहे धोंडीराम! मी एक शब्द बोललो नव्हतो त्यांच्यापाशी.” पुढच्या आठवड्यात, निळ्या रंगात बाई छान दिसतील असं तो म्हणाला आणि दुसऱ्या दिवशी बाई निळ्या साडीत शाळेला निघाल्या. असं दोन-चार वेळा झालं. मग एका संध्याकाळी त्याचा आवाज एकदम खाली आला.

“मनातलं ओळखते रे ती. न सांगता. असं माणूस मला आयुष्यात भेटलं नव्हतं… रविवारी विचारणार आहे, माझ्याशी लग्न करशील का म्हणून. नाही म्हणाली तर नागपूरला जागा आहे, तिकडं बदली मागून घेतो. इथं समोर राहून कसं जमायचं?”

रुद्राणीनं रेडिओ बंद केला. तिला तो हवा होता. हे तिनं स्वतःशी सरळ कबूल केलं, त्यात आढेवेढे नव्हते. पण त्याला हवी होती मनातलं ओळखणारी बाई, आणि तशी बाई या घरात राहतच नव्हती. राहत होती ती चोरून ऐकणारी. गप्प बसलं तर रविवारी तो तिचा होत होता. सांगितलं तर कदाचित नागपूर.

तीन दिवस तिला जेवण गोड लागलं नाही.

रविवारी मल्लिनाथ इस्त्रीचा शर्ट घालून गच्चीवर आला. ओळंबा हातात होता, पण पाइपाकडे त्याचं लक्ष नव्हतं.

“बाई, जरा एक…”

“आधी माझं ऐका.” तिनं कठडा घट्ट धरला. “या ताणात तुम्ही गोळे घातले नाहीत. तुमचं बोलणं आमच्या रेडिओत येतं. पहिल्या दिवसापासून.”

त्यानं वर तारेकडे बघितलं, मग खाली कडीकडे, मग खिडकीकडे. “पस्तीस फूट…” तो पुटपुटला. “सलग. नेमकी नको ती लांबी. जाणारच की सगळं तिकडं.” मग पाच आठवड्यांत आपण काय काय बोललो हे त्याला आठवत गेलं असावं. चेहरा चुन्यासारखा पांढरा झाला. “सगळं ऐकलं?”

“सगळं. धपाटेसुद्धा.”

तो तसाच जिना उतरून गेला. मंगळवारी ऑफिसला दांडी मारून त्यानं कुठूनसे गोळे पैदा केले, तार तोडून त्यात घातले आणि पुन्हा बांधली. रुद्राणी शाळेत होती. संध्याकाळी साडेसहाला रेडिओवर भुईमुगाची माहिती आली, पहिल्यापासून शेवटपर्यंत, एक खरखर नाही. तिला रडू आलं. भुईमुगावर रडणारी ती सोलापुरातली पहिलीच असेल.

बुधवार गेला, गुरुवार गेला. तो गच्चीवर यायचा, तिच्याकडे बघायचा, आणि गप्प. शिव्या नाहीत, निरोप नाही, बदलीचं काही नाही. नुसता उभा. पुढचा रविवार उजाडला तेव्हा रुद्राणीचा बांध फुटला.

“रागावला असाल तर तोंडानं सांगा की! हे काय मुक्यासारखं बघालाव आठ दिवस?”

मल्लिनाथ गोंधळला. “रागावलो कुठं? मी तुमची वाट बघालोय.”

“माझी? कशाला?”

“पाळी तुमची आहे ना.” तो अगदी मनापासून समजावून सांगू लागला. “आमच्या हवेवरच्या लोकांची रीतच आहे. एक जण बोलत असला की दुसऱ्यानं मध्ये तोंड घालायचं नाही. त्याचं संपलं की दुसऱ्याची पाळी, आणि त्यानं कितीही वेळ लावला तरी पहिल्यानं गप्प ऐकायचं. पाच आठवडे मी बोललो, तुम्ही मध्ये एक शब्द काढला नाहीत. आता तुमचं ऐकल्याशिवाय मी कसं बोलणार?”

“हे मला कुणी सांगितलं होतं?”

“…सांगायला पाहिजे होतं का?”

“शाळा कुठली हो तुमची!” ती ओरडली, आणि ओरडता ओरडता तिला हसू फुटलं, ते काही दाबता येईना. मग हसू ओसरलं. “ऐका मग. मला कुणाच्या मनातलं ओळखता येत नाही. तुमच्या तर नाहीच, नाहीतर हे आठ दिवस मी असे काढले नसते. पहिल्या दिवशी चुकून ऐकलं, पुढं मुद्दाम ऐकलं, कारण तुमचा आवाज ऐकल्याशिवाय मला संध्याकाळ झाल्यासारखी वाटत नव्हती. मला तुम्ही आवडता. अशी चोरटी बाई चालणार असेल तर नागपूरला जाऊ नका. संपलं माझं.”

बोळातून एक सायकलवाला घंटी वाजवत गेला. मल्लिनाथनं चष्मा काढला, पुसला, परत घातला.

“मग… माझं उत्तर तुम्हाला माहीत आहे. मी काय विचारणार होतो तेही तुम्ही ऐकलंय.”

“ते तुम्ही धोंडीरामला सांगितलंत,” रुद्राणी म्हणाली. “मला कुठं विचारलंत अजून?”

पुढ्यात माइक नाही, हाताशी बटण नाही, मधे नुसता बोळ. तरी त्यानं विचारलं, चाचरत, अर्धे शब्द गिळत. पण विचारलं.

“पुन्हा सांगा,” ती म्हणाली. “नीट ऐकू नाही आलं.”

खरं तर ऐकू चांगलं स्पष्ट आलं होतं. पण हे वाक्य पहिल्यांदाच फक्त तिच्यासाठी बोललं गेलं होतं आणि एका खेपेनं तिचं मन भरलं नव्हतं. त्यानं पुन्हा विचारलं, या वेळी इतक्या मोठ्यानं की खाली गुरप्पा दाढीचा फेस तसाच ठेवून अंगणात आले.

“हो,” रुद्राणी म्हणाली. तेही बोळभर ऐकू गेलं.