केनियात भेटलेला कोळवणकर

"ताई, खाली उतरू नका! मागं बघा जरा!"

धम्मदीपाचा पाय जीपच्या पायरीवरच थबकला. केनियातल्या खासगी अभयारण्यात जीप चिखलात रुतली, म्हणून ती मराठीतच करवादत होती. पण हे उत्तरही मराठीत... आणि तेही आपल्या मुळशीच्या बोलीत?

तिनं मागं पाहिलं. झुडपाआड एक सिंहीण निवांत पसरली होती. पलीकडच्या जीपमधला रापलेला तरुण हसू दाबत होता.

"तुम्ही... कुठले?"

"कोळवणचा. सिद्धू. तुमी?"

"उरवडे."

"म्हंजी शेजारीच की! भेटायला मात्र लई लांब आलो."

सिद्धू मेंढपाळाच्या घरातला. इथली जमीन मसाई गुराख्यांची. त्यांची गुरं आणि जंगली जनावरं एकाच कुरणात कशी नांदतात, हे शिकायला एका संस्थेनं त्याला वर्षभर पाठवलं होतं. धम्मदीपा पुण्याहून आलेल्या सहलीची गाईड, सोबत अकरा प्रवासी.

पुढचे चार दिवस त्याची जीप रोज सहलीच्याच वाटेवर यायची.

"आज पण वाट चुकलात?" तिनं विचारलं.

"न्हाई. आज बरोबर आलोय."

ती घाईघाईनं जिराफांकडे बघू लागली — पण एकही जिराफ तिला दिसला नाही.

निघायच्या दिवशी मातीच्या धावपट्टीवर त्यानं तिच्या बाहीला चिकटलेली कुसळं काढली. एकेक... गरजेपेक्षा जरा सावकाशच.

"धम्मा, तू मला लई आवडतीयास. पण आईला सांगायला जीभ रेटत न्हाई. आमी धनगर, तुमी बौद्ध—"

"सिंहिणीला भीत नाहीस, आणि आईला भितोस?"

"सिंहीण रडत न्हाई गं."

घरी येताच तिनं स्वतःच्या आईला सगळं सांगितलं आणि रविवारी एसटीनं कोळवण गाठलं. सिद्धूची आई, सुंदराबाई, शेळ्यांना पाला टाकत होत्या. धम्मदीपानं नाव, आडनाव, गाव सांगितलं. मग एका दमात म्हणाली, "मला सिद्धूशी लग्न करायचंय."

सुंदराबाईंनी हातातला पाला खाली टाकला नि तिला नखशिखान्त न्याहाळलं. धम्मदीपा पिशवीचा बंद घट्ट धरून तिथंच उभी राहिली.

"त्येनं धाडलं व्हय तुला?"

"नाही. त्याला ठाऊकही नाही."

"आन् तुजी आई?"

"ती म्हणाली, आधी त्यांना भेट. लपूनछपून काही नको."

सुंदराबाईंनी हात पदराला पुसले. "लाव त्येला फोन."

फोन लागला.

"सिद्धू, तुजी धम्मदीपा हितं आलीया. घाबरली हाय, पर हलली न्हाई. भावकी बोलंल, बोलू दे. मला पोरगी पसंत हाय. तू कवा येतुयास?"

पलीकडून भरलेला आवाज आला, "आलो, आये... आलोच!"

"आलोच म्हनं!" सुंदराबाईंनी धम्मदीपाला हात धरून जवळ बसवलं. "जसा काय बांधावरनंच येतोय."