अवधूतच्या नावाची चावी

मोबाईल खाली ठेवा आधी. ही आपल्या लालबागच्या चाळीतल्या हितेंद्रची गोष्ट, त्याच्याच तोंडून ऐकलेली. तोही तुमच्यासारखाच कॉम्प्युटरवाला.

गेल्या सर्वपित्री अमावास्येची रात्र. जेवून तो शेजारच्या रखमाकाकीला गोळ्या द्यायला गेला. तिचा मुलगा अवधूत याच्याच हाफिसात होता, तापाने गेला. दहाव्याला बाणगंगेवर पिंडाला कावळा शिवेना. आजारात पोरगं एकच घोकत होतं, हाफिसातल्या मशीनवरचं सगळं माझ्या नावावर उघडतं, ते बंद करा. शेवटी हितेंद्रने हात जोडून सांगितलं, तुझं नाव काढतो. लगेच शिवला.

मग काढलं? कसलं काढतोय. नवी परवानगी मागायचा कंटाळा. मेलेल्या माणसाच्या नावाने हाफिसातले सगळे दारं उघडत बसले, हरामखोर.

काकीने दारातच विचारलं, "माझ्या झिलाचा नाव काढलंस मा रे?"

"हो काकी."

म्हातारीच्या तोंडावर खोटं बोलला, आणि घरी येऊन तेच नाव घेऊन बसला. हाफिसाचं काहीतरी बंद पडलं होतं. काळ्या पडद्यावर हुकूम टाइप केला की मशीन आत शिरायला तासाभराची चावी देतं, लोखंडाची नव्हे, नुसती अक्षरं-आकड्यांची. तास संपला की चावी मेली, परत मागायची. याने अवधूतच्या नावाने मागितली. मिळाली. काम झालं.

तास उलटून गेला, चावी चालूच. याला वाटलं, घड्याळाची गडबड. दुसरी चावी मागितली, ती स्वतःच्या नावाने. चावी कोणाची, ते मशीनला विचारता येतं. विचारलं.

अवधूत.

परत विचारलं.

अवधूत.

आता आठवला बाणगंगेवर दिलेला शब्द. त्याने अवधूतचं नाव तिथल्या तिथे काढून टाकलं. मशीन म्हणालं, काढलं. सुटलो, म्हणाला. आणि आपली चावी कोणाची, ते एकदा शेवटचं विचारलं.

अवधूत...

चाळ गप्प. पंख्याचा आवाजही... नाही.

मग भिंतीपलीकडून काकी. झोपेतल्यासारखी.

"अवधूत... जेवलंस मा रे?"

हितेंद्र तोंड दाबून बसला. उजाडेपर्यंत.

सकाळी हाफिसातल्या साहेबांनी येऊन बघितलं. प्रत्येक चावीवर संपायची वेळ लिहिलेली असते. हितेंद्रच्या चावीवर ती जागा कोरी होती. चार जणांनी बंद करून पाहिली.

अजून चालते.