शीहानच्या नावाचे चार टायर

धाडकन आवाज झाला तेव्हा हलिना प्रुस्का कॉफीचा दुसरा घोट घेत होती. तिनं मानही वर केली नाही. बफेलो शहरातल्या क्लिंटन स्ट्रीटवर, नेमका त्यांच्या टायरच्या दुकानासमोर, मार्चमध्ये असा आवाज दिवसातून दोनदा तरी व्हायचाच. रात्री पाणी गोठायचं, दिवसा वितळायचं, आणि खड्डा रोज थोडा थोडा बाळसं धरायचा.

"आलं गिऱ्हाईक," हीटरपाशी बसलेले तिचे बाबा, झिगमुंट प्रुस्का, तृप्त आवाजात म्हणाले.

"बाबा, लाज वाटू द्या थोडी! मी दोनदा तिथं खुणेचा शंकू ठेवला. कोण उचलून नेतं कोण जाणे."

बाबा एकदम हीटरची जाळी पुसायला लागले.

बाहेरून एक लांबलचक, गर्द निळी, बघत राहावी अशी आलिशान गाडी लंगडत आत आली. तिच्यातून एक उंच तरुण उतरला. अंगावर नर्सचे निळे कपडे, गळ्यात स्टेथोस्कोप, केसांवर बर्फाचे चार कण... आणि चेहऱ्यावर एवढं ओशाळं हसू, की हलिनाला उगाचच कॉफी खाली ठेवावीशी वाटली.

"टायर गेला की मीच गेलो, ते तुम्ही सांगा," तो म्हणाला.

ती चाकाशी उकिडवी बसली. टायरच्या बाजूवर लिंबाएवढा फुगा आला होता. "वीस इंची रिम. टायरची बाजू बोटभर. बफेलोत असली गाडी घेऊन कोण फिरतं हो?"

"काका फिरायचा. तो फ्लोरिडाला गेला आणि गाडी माझ्या गळ्यात मारली. मी ब्रेंडन शीहान. घरोघरी जाऊन पेशंट बघतो, दक्षिणेकडच्या टेकड्यांवर. म्हातारे खिडकीतून गाडी बघतात आणि विचारतात, बाबा रे, एका इंजेक्शनचे तू घेतोस तरी किती?"

हलिना हसली. सकाळी दहाच्या आत ती सहसा हसत नसे. दुकानातल्या सगळ्यांना ते ठाऊक होतं, आणि दुकानात सगळे म्हणजे एकटे बाबाच होते.

"मला बारमाही टायर द्या," तो म्हणाला. "उन्हाळ्यात वेगळे, हिवाळ्यात वेगळे, हे मला झेपणार नाही."

"बारमाही म्हणून जे विकतात ना, त्यातले निम्मे म्हणजे एक ना धड भाराभर चिंध्या! टायरच्या बाजूवर डोंगर आणि डोंगरात हिमफूल, अशी खूण असेल तरच तो बर्फातला म्हणायचा. आणि रिम अठरा इंची घ्या. टायर जाड होतो, खड्ड्याचा मार तो खातो, रिम वाचते."

"गाडीची ऐट जाईल की."

"ऐट जाईल, कंबरडं राहील. ठरवा."

"कंबरडं," तो म्हणाला. "इतक्या लवकर नको जायला."

मग हलिनानं तिचे नेहमीचे तीन प्रश्न विचारले. कुठून कुठं जाता? रोज किती मैल? आणि पुढचा हिवाळा कुठं?

पहिल्या दोन्हीला त्यानं पटापट उत्तरं दिली. तिसऱ्याला मात्र अडखळला.

"हे... सगळ्यांना विचारता?"

"सगळ्यांना. उबदार गावी जाणार असाल तर हे बर्फाचे टायर तिथं भराभर झिजतात, आवाजही करतात. तिथं वेगळे लागतात."

"पार दक्षिणेतून, शार्लटहून बोलावणं आलंय. मोठं हॉस्पिटल. एप्रिलअखेर कळवायचंय," तो हळूच म्हणाला.

शार्लट! या गावातल्या प्रत्येक घरातलं कुणी ना कुणी तिकडे गेलेलं होतं. तिचा भाऊ गेला. मग कीथ गेला, तिच्याशी लग्न करणार होता तो. नाताळला येतो म्हणाला होता. त्याला तीन नाताळ झाले.

"मग ठरेपर्यंत नवे घेऊ नका," ती कोरडेपणानं म्हणाली. "मागे अठरा इंची रिमांवर जुने टायर आहेत, ते चढवून देते. पन्नास मैल झाले की परत या, नट पुन्हा आवळावे लागतात."

तो दुसऱ्या दिवशी आला. तिसऱ्या दिवशीही आला. शनिवारी पुन्हा आला.

"आज काय?"

"डावीकडून आवाज येतोय."

"कसला?"

"रेडिओचा," तो गंभीरपणे म्हणाला. "मला म्हणायचंय... तुम्ही एकदा आवळून बघितलंत तर बरं वाटेल."

"गाडीला?"

"तिलाही."

तिनं पाना असा फिरवला की नट बिचारा किंचाळला. गाल का तापले, ते हीटरवर ढकलून ती मोकळी झाली.

"पोरी, त्या चाकांना आता वेल्डिंग केलं तरी एवढी घट्ट बसणार नाहीत," तो गेल्यावर बाबा म्हणाले.

ईस्टरआधीचे उपासाचे शुक्रवार चालू होते. मांस बंद, म्हणून गावभर मासे तळले जायचे. अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये ब्रेंडन तिला घेऊन गेला. ताटाबाहेर लोंबणारा कुरकुरीत मासा, कोबीची कोशिंबीर, राय धान्याचा काळसर पाव... आणि दर दोन मिनिटांनी कुणीतरी म्हातारं माणूस येऊन त्याच्या खांद्यावर थाप मारत होतं. कुणाचा गुडघा, कुणाची साखर, त्याला सगळं पाठ होतं. ज्याच्याशिवाय इतक्यांचं अडतं, तो माणूस जाणार. हलिनाला घास गिळवेना.

परतताना बर्फ भुरभुरायला लागला. वाटेत कुणाची तरी व्हॅन रुतली होती, चाकं नुसती गरगर फिरत होती. दोघंही न बोलता उतरली. इथं कुणाला सांगावं लागत नाही. रुतलेली गाडी दिसली की खांदा लावायचा. एक, दोन... तिसऱ्या धक्क्याला व्हॅन सुटली आणि दोघांना डोक्यापासून पायापर्यंत चिखलानं न्हाऊ घालून निघून गेली.

"तुला चिखल शोभतो," ब्रेंडन म्हणाला. कालपर्यंतचं 'तुम्ही' कुठं गळून पडलं, दोघांनाही कळलं नाही.

"तुला नाही शोभत," ती म्हणाली. "नाकावर राहिलाय."

तिनं अंगठ्यानं तो पुसला. अंगठा जरा जास्तच वेळ तिथं राहिला. बर्फ दोघांच्या पापण्यांवर पडत होता... पण शार्लट मध्ये उभं होतं.

गिऱ्हाईकानं तोंडानं हो म्हटल्याशिवाय अडनिड्या मापाचा टायर मागवायचा नाही, हा दुकानाचा कायदा. तो हलिनानंच केलेला. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं तो मोडला. हिमफुलाची खूण असलेले चार टायर आले, तेव्हा तिनं त्यांच्यावर खडूनं शीहान लिहिलं, तारीख टाकली आणि मागच्या खोलीत कोपऱ्यात रचून ठेवले. बाबांनी पाहिलं. तिनं विसरलेला खडू त्यांनी उचलून जागेवर ठेवला.

एप्रिल संपायला दोन दिवस उरले असताना ब्रेंडन आला. या वेळी त्यानं कसल्या आवाजाचं निमित्त सांगितलं नाही.

"आज कळवायचंय त्यांना. टायर सांग."

"शार्लटसाठी?"

"शार्लटसाठी."

हलिनानं यादी उघडली. आवाज सपाट ठेवून तिनं सांगायला सुरुवात केली. तिथं बर्फ नसल्यासारखाच. मऊ चालीचे घे, पावसात पकड चांगली, हमरस्त्यावर शांत. तिनं दोन नावं काढून दिली आणि जास्त टिकणाऱ्याखाली रेघ ओढली.

"आणखी काही?" त्यानं विचारलं.

"काही नाही."

त्यानं नावांचा कागद घडी करून खिशात घातला. मग, "कॉफी घेतो," म्हणून मागच्या खोलीत गेला. कॉफीचं यंत्र मागेच होतं. हे हलिनाच्या लक्षात आलं तेव्हा फार उशीर झाला होता.

"हलिना..." आतून आवाज आला. "बफेलोत दुसरा कुणी शीहान आहे?"

"पुष्कळ आहेत. चर्चमध्ये दगड मारलास तर चौघांना लागेल."

"या मापाची गाडी असलेला?"

ती दारात जाऊन उभी राहिली. तो टायरांसमोर गुडघे टेकून बसला होता, बोट खडूच्या तारखेवर.

"तेव्हाच मागवलेस? मग आत्ता मला शार्लटचे का सांगितलेस?"

"कारण तू टायर विचारलेस. टायरबद्दल मी खोटं बोलत नाही." आता मागे फिरणं शक्य नव्हतं. "हे चार म्हणजे सल्ला नाही. ही माझी इच्छा आहे. भाऊ निघाला तेव्हा मी म्हटलं, जा, तिथं बरं आहे. कीथ निघाला तेव्हा मी त्याच्या चाकांत हवा भरून दिली, ब्रेंडन! स्वतःच्या हातानं! कुणालाच थांब म्हटलं नाही मी. तुला म्हणते. थांब. मला तू हवा आहेस. नाही थांबलास तरी चालेल... नाही, चालणार नाही. पण मी निभावेन."

तो उठला. त्यानं गुडघे झटकले.

"गाडी वर घे," तो म्हणाला.

"काय?"

"हे चार चढव. मला एक फोन करायचाय."

तिनं गाडी उचलली. पाना दोनदा निसटला. काचेपलीकडे तो फोन कानाला लावून फेऱ्या मारत होता. दार उघडंच होतं, आणि हलिनानं ऐकायचं नाही असं ठरवून एकेक शब्द ऐकला.

"नाही, पगार उत्तमच आहे... हवाही छान, मान्य... कारण? लिहावंच लागतं का?" तो थांबला. त्यानं वळून तिच्याकडे पाहिलं. "मग लिहा, इथं कुणीतरी मला थांब म्हणालं... नाही हो, दुसरं हॉस्पिटल नाही."

तिसरं चाक अर्धवट सोडून हलिना बाहेर आली. तो फोन खिशात ठेवत होता.

"माझे हात काळे आहेत," ती म्हणाली.

"दिसतायत."

"कपडे खराब होतील तुझे."

"होऊ देत," तो म्हणाला आणि त्यानं तिला जवळ ओढलं.

बाबांनी खुर्ची फिरवून पाठ केली आणि मोठ्यानं नाक शिंकरलं. चारही टायर बसायला त्या दिवशी दुप्पट वेळ लागला. ब्रेंडनच्या निळ्या कपड्यांवर पाठीशी हलिनाचे दोन्ही पंजे काळेभोर उमटले होते, आणि तो तसाच दुपारचे पेशंट बघायला टेकड्यांकडे गेला.