लाल दोरा बांधलेली टेप

ही गोष्ट खरी आहे. माझ्या नवऱ्याला ती पटत नाही. तुम्हाला नाही पटली तरी माझी तक्रार नाही. पण जसं घडलं तसंच लिहिते आहे, तिखटमीठ लावलेलं नाही.

गेल्या वर्षीची खंडेनवमी. वाशीम.

वेळ दुपारची.

हो, दुपारचीच. भुतं रात्रीच निघतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी आमची रेकॉर्ड रूम पाहिलेली नाही.

मी वर्षाराणी. एका ट्रस्टच्या हॉस्पिटलमध्ये कॉम्प्युटरचं काम बघते. हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही, नोकरी टिकवायची आहे मला.

आमच्याकडे पेशंटची जुनी माहिती टेपवर असते. टेप म्हणजे तळहातात मावेल अशी काळी चौकोनी कॅसेट. आत पाऊण किलोमीटर लांब पट्टी गुंडाळलेली. एका वर्षाचे सगळे पेशंट एका टेपमध्ये. आणि ती वाचायचं मशीन आख्ख्या हॉस्पिटलात एकच.

या टेपांची राखण वीस वर्षं जगदेवकाकांनी केली. माणूस गरीब स्वभावाचा, अंगाला कायम तपकिरीचा वास, पण टेपच्या बाबतीत सोवळं कडक. टेप डबीतच ठेवायची, आणि उभी, आडवी नाही. बाहेरगावाहून आणलेली लगेच मशीनला लावायची नाही. जितका वेळ ती प्रवासात होती, तितका वेळ आधी थंड खोलीत बसू द्यायची.

आणि सगळ्यात मोठा नियम...

पडलेली टेप मशीनमध्ये घालायची नाही.

"पडनं गुन्हा नाही, पोरी," काका म्हणायचे. "लपवनं गुन्हा आहे. वरून चांगली दिसते, पन आतली पिन निसटली असली त मशीनचं तोंडच फाडते. मंग ना ते टेप वाचता येत, ना दुसरी कोनती."

टेप पडली की काका तिच्या डबीला लाल दोरा बांधायचे. दोरा दिसला की हात लावायचा नाही, हे शिपायापासून डॉक्टरांपर्यंत सगळ्यांना माहीत होतं. त्यासाठी दोऱ्याचे तुकडे कापून खणात तयार ठेवलेले असत.

काका उन्हाळ्यात गेले. झोपेतच. त्यांची पत्नी उज्ज्वलाकाकू येऊन खणातलं सगळं सामान घेऊन गेल्या. कपाटाची किल्ली माझ्याकडे आली.

खंडेनवमीला आमच्याकडे ॲम्ब्युलन्स, जनरेटर, एक्स-रे, सगळ्यांना हळदकुंकू लागतं. काका असताना टेपांची पूजा कपाटाच्या बाहेरूनच व्हायची. कडीला झेंडूचा हार, विषय संपला. आत कुंकवाचा कणही जाऊ द्यायचे नाहीत.

मला वाटलं, काका नाहीत, तर निदान त्यांच्या या लेकरांची नीट पूजा करावी. अतिशहाणपणा अंगाशी येतो तो असा.

सकाळी अकराला मी कपाट उघडलं. टेपा डबीतून काढून ताटात मांडायला लागले. बोटं ओल्या कुंकवाने बुळबुळीत झालेली.

एक सटकली.

टक्क.

फरशीवर एवढाच आवाज झाला. मी ती उचलली, कपाळाला लावली. पुस्तकाला पाय लागला की आपण लावतो तशी. लेबल पाहिलं, २०१४. कुठे ओरखडासुद्धा नव्हता.

पुसून डबीत घातली. बाकीच्याही पुसल्या आणि कशाबशा, कलत्या, भराभर कपाटात सारल्या. कुलूप लावलं, किल्ली पर्समध्ये टाकली.

कोणाला सांगितलं नाही. सणावाराला कोण बोलणी खाईल?

दीड वाजता गोजराबाई आल्या. अनसिंगच्या, साठीच्या. हातात चुरगळलेली चिठ्ठी.

"बाई, माह्या सुनेले तुमच्या इथं दहा वर्षामांग एक इंजेक्शन देल्लं होतं. बेशुद्धीचं. तवा तिचा जीव जाता जाता वाचला. त्या इंजेक्शनाचं नाव पायजे मले."

"आता काय झालं?"

"आतडं अडकलं तिचं. अकोल्याले नेलं. पोरगा तिथंच आहे. डाक्टर म्हनते, सहाच्या आत नाव सांगा, नाहीतर अंदाजानं सुई द्या लागते. कागद होते, ते वाळवीनं खाल्ले."

सुनेचं नाव रूपाली. ऑपरेशनचं वर्ष विचारलं. गोजराबाईंनी बोटं मोजली.

"नातू झाला ते वर्ष. चौदा."

सकाळी पडली तीच टेप.

रेकॉर्ड रूम मागच्या बाजूला आहे. त्या दिवशी अर्धी सुट्टी, पॅसेजमध्ये चिटपाखरू नव्हतं. मी दाराला हात लावला आणि आतून आवाज आला...

टक्क.

सकाळचाच आवाज. तसाच.

दार उघडलं. आत कोणी नाही. एसी चालू. कपाटाला कुलूप जसंच्या तसं. मी किल्ली लावली, उघडलं.

२०१४ ची जागा रिकामी होती.

मागे वळले...

टेप टेबलावर होती. डबीत, उभी.

तिला लाल दोरा बांधलेला होता.

मी जानरावांना हाक मारली. ते आमचे जुने शिपाई, काकांचे जोडीदार.

"हा दोरा कोणी बांधला?"

जानरावांनी दारातूनच पाहिलं. आत आले नाहीत. "जगदेव बांधे."

"ते मलाही माहीत आहे. आत्ता कोणी बांधला?"

"किल्ली तुमच्याजवळ, ताई. मले कायले इचारता?" मग हळूच म्हणाले, "पडली का ते?"

"नाही," मी म्हणाले.

खोटं बोलले. आजही त्याची लाज वाटते.

जानराव निघून गेले. घड्याळात एक पन्नास. बाहेर गोजराबाई. मनात म्हटलं, कोणीतरी चेष्टा केली असेल. टेपला ओरखडा नाही. आणि सांगितलं तर नोकरी जायची.

मी दोरा सोडला आणि पर्समध्ये टाकला. टेप डबीतून काढून मशीनच्या तोंडापाशी नेली.

एसी बंद पडला.

खोलीत इतकी शांतता झाली की माझा श्वास मला ऐकू येत होता.

आणि मागून, कपाटातून...

टक्क.

टक्क... टक्क...

मी मान वळवली. सकाळी मी कलत्या सारलेल्या टेपा एकेक करून सरळ होत होत्या. साहेब तपासणीला आल्यावर वर्गातली पोरं ताठ बसतात तशा. शेवटची सरळ झाली आणि आवाज थांबला.

माझ्या पाठीमागे, अगदी जवळ, काकांच्या तपकिरीचा वास आला.

मी टेपच्या कडेचं छोटं झाकण सरकवून आत पाहिलं. ते सकाळीच पाहायला हवं होतं.

पिन निसटून तिरपी लोंबत होती.

अजून बोटभर आत ढकलली असती तर मशीन गेलं असतं. त्याबरोबर सगळी वर्षं गेली असती. आणि रूपालीही.

मोबाईल काढला. जिनेशभाऊंना लावला. ते ट्रस्टचं काम पाहतात, पूजेसाठी कारंजाला आजोबांच्या पेढीवर गेले होते.

"भाऊ, माझ्या हातून टेप पडली. २०१४ ची. सकाळीच. मी लपवलं."

ते म्हणाले, "दुसरी प्रत इथे आहे. निघतो."

दुसरी प्रत कारंजाला ठेवायची पद्धतही काकांचीच. "बियानं कोनी एकाच कोठीत ठेवते का?" म्हणायचे. जिनेशभाऊंचे आजोबा कैलासचंदजी या खर्चाला कुरकुर करायचे, पण पेढीवरच्या थंड खोलीत त्यांनी कपाट दिलं होतं.

फोन ठेवला तसा एसी सुरू झाला.

जिनेशभाऊ साडेतीनला पोहोचले. टेप टेबलावर ठेवली. मी ती मशीनला लावली नाही. सव्वा तासाचा प्रवास झाला होता, तितका वेळ बसू द्यायची होती.

गोजराबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. "आता काय पाहून राह्यल्या? लावा ना."

"मावशी, उन्हातून आली आहे. लगेच लावली तर पट्टीला धोका असतो."

"मानूस मरून राह्यलं अन् डबी आराम करून राह्यली?"

त्या तिथेच फरशीवर बसल्या. मीही त्यांच्या शेजारी बसले. घड्याळाकडे पाहत आम्ही दोघींनी तो सव्वा तास काढला. आयुष्यात इतका लांब वेळ मी पाहिलेला नाही.

पावणेपाचला टेप लावली. मशीन घरघरलं. पाच वीसला रूपालीचा कागद पडद्यावर आला. इंजेक्शनचं नाव लाल अक्षरात.

मी स्वतः अकोल्याला फोन करून ते तीनदा वाचून दाखवलं.

रूपाली वाचली. दिवाळीला गोजराबाई पिशवीभर तुरीची डाळ देऊन गेल्या. माझी नोकरीही राहिली. जिनेशभाऊ एवढंच म्हणाले, "सांगितलं, हे बरं केलं."

इथे संपलं असतं तर बरं होतं.

खंडेनवमीच्या दुसऱ्याच दिवशी, दसऱ्याच्या संध्याकाळी मी उज्ज्वलाकाकूंकडे सोनं द्यायला गेले. आपट्याची पानं हातात ठेवली, पाया पडले आणि सगळं सांगून टाकलं. वाटलं, रडतील.

काकू रडल्या नाहीत. देवघरातून तपकिरीची डबी घेऊन आल्या.

"त्यायच्या खनातले दोऱ्याचे तुकडे यात ठेवले मी. त्यायच्या हातचे म्हनून. मोजून पाच होते."

डबी उघडली.

तीन होते.

मी पर्समधून माझ्याजवळचा दोरा काढून त्यांच्या शेजारी ठेवला. तोच रंग, तीच लांबी.

चार.

काकू माझ्याकडे पाहत राहिल्या. "अन् पाचवा?"

दुसऱ्या दिवशी मी कपाटातली एकेक टेप काढून पाहिली. एकाही डबीला दोरा नव्हता. कारंजाचं कपाट जिनेशभाऊंनी पाहिलं. तिथेही नव्हता.

दोरे दोन गेले, पण त्या दिवशी माझ्या हातून एकच टेप पडली. हे मला पक्कं आठवतं.

म्हणजे... आठवत होतं.

ताट उचलताना जरा कललं होतं का? आवाज एकदाच झाला होता ना? जितका विचार करते तितकं धूसर होतं.

आता कोणतीही टेप मशीनला लावायच्या आधी मी झाकण सरकवून पिन पाहते. मग खोलीकडे पाठ करून विचारते, "काका, ही पडली होती का?"

आणि थांबते.

अजून कोणी हो म्हटलेलं नाही. नाहीही म्हटलेलं नाही. पण तपकिरीचा वास रोज येतो.