जागल्या अजून चालू आहे

भर दुपारची गोष्ट आहे. आमच्याच मागच्या खोलीतली. जे घडलं तेच सांगते. वाटलं तर म्हातारीला भास झाला म्हणा.

आमचे हे रेडिओ दुरुस्त करायचे. पुढे कॉम्प्युटरचं वेड लागलं. कुठेच न मिळणाऱ्या जुन्या फायली जपायच्या आणि मागेल त्याला इंटरनेटवरून द्यायच्या. त्यापायी मागच्या खोलीत रात्र रात्र जागायचे, म्हणून तिथं त्यांचं नाव होतं 'जागल्या'.

"बंद करा की त्या कॉम्प्युटरच्या पंख्याची घरघर," मी म्हणायची.

"फाईल निदान दुसऱ्या एकाकडे पूर्ण पोचल्याशिवाय बंद करायचं नसतं गं. नाहीतर मरते ती."

त्यातली एक फाईल माझ्या नणंदेची. तरुणपणीच गेली बिचारी. मुलांना गोष्टी सांगायची, तेवढाच आवाज उरलेला.

मग हे गेले.

कॉम्प्युटर मी चालूच ठेवला. रोज धूळ पुसायची, वायर हलली नाही ना बघायचं. थकले हो मी.

कुणी एक नर्स तिच्या वॉर्डातल्या मुलांसाठी नणंदेची ती फाईल घेत होती. आम्ही एकमेकींना फोन नंबरही दिले होते. शेवटचा तुकडा तेवढा राहिला... आणि कॉम्प्युटर बंद पडला.

मुलानं उघडून पाहिला. "आई, डिस्क गेली. यातून काही निघायचं नाही."

"आणि आत्याचा आवाज?"

 तो सगळा कॉम्प्युटर उचलून घेऊन गेला.

दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर मी नर्सला फोन केला. "बाळा, शेवट काही मिळायचा नाही आता."

"काय सांगता काकू? आत्ताच पूर्ण झाली. जागल्याकाकांकडूनच आली. अजून चालू दिसतायत ते."

मी मागच्या खोलीकडे पाहिलं. टेबल रिकामं. वायर भिंतीवर लोंबत होती.

आणि...

घरघर.

तोच पंखा. तसाच मध्येच अडखळणारा.

मी दारातच थांबले.  खरं सांगू, भीतीआधी रागच आला. गेल्यावरही जागरणं?

"अहो, पोचली तिच्याकडे. पूर्ण पोचली. झोपा आता."

घरघर थांबली.

मग कोपऱ्यातली त्यांची खाट... करकरली. दमलेल्या माणसानं अंग टाकावं तशी.

नर्सनं फाईल मला पाठवलीय. मी अजून ऐकलेली नाही. ती म्हणते, गोष्ट संपल्यावर शेवटी एका पुरुषाची लांबलचक जांभई ऐकू येते.

आमच्या फाईलमध्ये जांभई नव्हती.

त्या खोलीचं दार मी हल्ली लावूनच ठेवते. हळूच लावते. आवाज न करता.