शोतवरचे चार दिवे

मी फक्त वायरलेसचा संच परत करायला गेलो होतो. शोधाच्या वेळी मीठ-कंपनीच्या छावणीतून घेतलेला, महिनाभर माझ्या गाडीत पडून होता. छावणी उठतेय असं कळलं, म्हणून सकाळी तोझेर शहरातून निघालो. शोतच्या, म्हणजे त्या अफाट मिठाच्या मैदानाच्या काठाने तासभराचा रस्ता. ऊन चढलं की तिथे जमीन कुठे संपते ते कळत नाही. सगळं पांढरं. वास कुजट, ओल्या मिठाचा.

लामीनला हरवून त्या दिवशी चाळीस दिवस होत होते. तो मीठ मोजणाऱ्या कंपनीचा खुंट्या ठोकणारा कामगार. एकटा आत गेला तो परतला नाही. आम्ही तीन दिवस शोधलं. तिसऱ्या दिवशी छावणीचा वायरलेस इंजिनियर नौफेल, कॉलेजात चार वर्षं माझ्या खोलीत राहिलेला नौफेल, माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला होता, "लिही तुहामी. त्यानं संच बंद करून ठेवला होता. एकदाही हाक आली नाही."

मी लिहिलं. छावणीत मोबाइल लागत नाही, म्हणून तिथल्याच मोठ्या वायरलेसवरून शहरातल्या वर्तमानपत्राच्या ऑफिसला शब्द न् शब्द सांगितला. पहिलं वाक्य होतं, 'लामीनने आपला संच स्वतःच बंद केला होता.' पुढचं काम गावाने केलं. आईला टाकून बोटीने इटलीला पळाला, म्हणाले. म्हातारीच्या दारात कुणी सांत्वनालाही गेलं नाही.

नौफेल खोकी बांधत होता. वायरलेसचा डोलकाठीएवढा उंच मनोरा उतरवून जमिनीवर आडवा पडला होता. त्याने माझ्या हातातून संच घेतला, मागची बॅटरी सवयीने अंगठ्याने काढून खोक्यात टाकली आणि चहा ओतला.

"एक विचारू?" मी म्हणालो. "शोधताना मी बारा किलोमीटर आत होतो. तू चहात पुदिना नाही म्हणून आचाऱ्याला शिव्या देत होतास, ते मला कानाशी बोलल्यासारखं ऐकू येत होतं. मी पाच वेळा हाक मारली. तू ओ दिली नाहीस."

"वारा असेल."

"वायरलेसला वारा लागतो का रे?"

तो संचावरच्या चार दिव्यांकडे बघत राहिला. ते दिवे त्यानेच मला समजावले होते. समोरच्याचा आवाज जोरात आला, की संच समजतो, तो जवळच आहे. मग बॅटरी वाचवायला स्वतः हळू बोलतो. एकच दिवा लागतो. आवाज क्षीण झाला की दोन, तीन. काहीच ऐकू येईना झालं की चार दिवे, पूर्ण ताकदीने ओरडणं.

"कंपनी दुसरा मनोरा देईना," तो म्हणाला. "मग मी इथला आवाज वाढवला. चौपट. सगळ्या शोतवर ऐकू जावा म्हणून."

"आणि आत गेलेल्यांचे संच समजले की छावणी शेजारीच आहे. बारा किलोमीटरवरून कुजबुजत बसले."

"हो..."

"तुला कधी कळलं?"

"दुसऱ्या दिवशी."

माझी बातमी तिसऱ्या दिवशीची होती.

"पंचावन्नाव्या वर्षी मला कोण नोकरी देणार होतं, तुहामी?" तो म्हणाला. "आणि तू लिहिलंस की लोक मानतात."

मी चहा वाळूत ओतला, संच हिसकावला आणि बाहेर आलो. गाडीला टेकून लामीनची बहीण सालहा उभी होती.

"सी तुहामी," ती आदराने म्हणाली, "तुम्ही येणार असं कळलं. आई आज चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाचा कुसकुस करू म्हणते. मी म्हटलं, खायला कोण येणार? तुम्ही चला. त्याच्या शेवटच्या खुंटीपाशी उभे राहा आणि ते वाक्य तिथे म्हणून दाखवा."

मी दार उघडलं. तिला गाडीत घेतलं.

शेवटच्या खुंटीपाशी उतरलो तेव्हा भर दुपार होती. सावली पायाखाली. पायाखालचं मीठ पापडासारखं करकरत होतं. दुसरा आवाज नाही. संच माझ्या हातात होता. चार दिवे जळत होते. मनोरा आडवा पडलाय, संचाला कुणाचंच ऐकू येत नाही, तेव्हा चार बरोबरच, असं मला वाटलं.

आम्ही चालू लागलो. तीन दिवे. संच खरखरला.

"कोण आहे?" सालहा म्हणाली. "कोण बोलतंय?"

"कुणी नाही..."

दोन. संचातून श्वासासारखं काही आलं. कोरड्या जिभेचा आवाज. मग शब्द, माझेच, मी छावणीच्या वायरलेसवरून सांगितले त्याच संथ लयीत, प्रत्येक शब्दानंतर थांबून.

"लामीनने... आपला संच... स्वतःच..."

सालहाने माझा दंड घट्ट धरला. एक दिवा.

"खोडा..." आवाज म्हणाला. "सी तुहामी... ते खोडा..."

ती गुडघ्यांवर बसली आणि दोन्ही हातांनी मीठ उकरू लागली.

काठावरच्या चौकीतून मी बोलावून आणलेल्या गार्डच्या शिपायांनी त्याला बाहेर काढलं तेव्हा तीन वाजले होते. पापडी फुटून तो हळूहळू डोक्यापर्यंत चिखलात रुतत गेला होता, वर पुन्हा मीठ धरलं होतं. संच तोंडाशी. बोलायचं बटण डोक्याच्या फडक्याच्या चिंधीने करकचून बांधलेलं. बोटांत जोर उरला नाही तरी हाक चालू राहावी म्हणून. सालहाने ती गाठ सगळ्यांना दाखवली, एकेकाला जवळ बोलावून.

नौफेलही आला. त्याने गाठ पाहिली आणि मान खाली घातली. मग माझ्याजवळ येऊन खिशातून काहीतरी काढलं.

"हे तुझ्या संचाचं," तो म्हणाला. "सकाळी काढून ठेवलं होतं. बॅटरी घेतल्याशिवायच गेलास."

मी संच उलटा केला. मागचा कप्पा रिकामा होता. पुन्हा सुलटा केला. एक दिवा जळत होता.

नौफेलने तो पाहिला. तो वळला आणि आपल्या गाडीकडे चालू लागला. दोन दिवे लागले, म्हणजे बोलणारा दूर जात होता. मी लामीनकडे बघितलं. तो माझ्या पायाशीच होता, चादरीखाली. नौफेलने दार लावलं, गाडी काठाच्या दिशेने निघाली. तीन. ती पांढऱ्या झळेत ठिपका होईपर्यंत मी बघत राहिलो. चार.

नौफेल गाडीत बसताना मी त्याला नीट पाहिलं होतं. तो एकटाच बसला होता.