हिवरखेडची बेशुद्ध गोगलगाय

ही गोष्ट कोणी मानत नाही. हिवरखेडात दोनदा सांगितली, दोन्हीदा लोक चहा अर्धा टाकून उठले. आणि वऱ्हाडातला माणूस चहा अर्धा टाकत नसतो. तरी सांगतो.

आमचा नितेश अकोटहून अमरावतीच्या एसटीत बसला. मांडीवर बादली, बादलीत चाळीस गोगलगायी, एकेक नारळाएवढी. संत्र्याच्या बगीच्यात झाडांची साल खाऊन त्या माजल्या होत्या. यांचं करायचं काय, हे कृषी खात्याच्या साहेबाला विचारायचं होतं. दर्यापूर सोडलं आणि एक गोगलगाय झाकणाखालून निसटून शेजारच्या सीटवरच्या पोरीच्या ओढणीवर चढली. पोरगी ओरडली नाही. तिने गोगलगाय अलगद उचलली, उलटीपालटी करून पाहिली.

"किती आहेत?"

"चाळीस. माफ करा जी, मी—"

"मले द्या साऱ्या."

"भाजी करता का काय?"

"नाही. मेंदू पाह्यजे."

नितेश खिडकीकडे सरकला.

पोरगी अकोल्याची, नाव आचल, अमरावतीत संशोधन करत होती. ऑपरेशनआधी माणसाला भूल देतात, तेव्हा मज्जापेशी गप्प कशी होते, हे तिला शोधायचं होतं. माणसाची पेशी बारीक, शिवाय माणूस ती देत नाही. गोगलगायीची मोठी; सुईच्या टोकाने गाठता येते.

मग दर गुरुवारी नितेश आणि बादली. पहिल्या खेपेला बगीच्यातल्या सवयीने त्याने वरून चुना भुरभुरला. चाळीसच्या चाळीस मेल्या.

"तुमी मदत करून राहिले का खून?"

"हाताले वळण पडलं जी..."

पुढच्या खेपेला तिने त्याला बसवून घेतलं. पेशीत काचेची सुई, सुईची तार स्पीकरला. टक... टक... टक. भुलीचं औषध सोडलं की आवाज बंद. नितेश तासतास बसू लागला.

"पेशी पाहाले येता का?" तिने एकदा विचारलं.

"पेशी दिसते कुठं? जे दिसते ते पाहतो."

आचलने मान वर केली नाही. कान मात्र लाल झाले.

एका गुरुवारी ती म्हणाली, "रविवारी पुण्याचे लोक पाहाले येऊन राहिले मले. बाबाले होकार पाह्यजे."

नितेशने बादली खाली ठेवली. "तुमी... हिवरखेडले येता का? कायमच्या?"

"बोलू नका आता. शेवटचं रीडिंग आहे. पेशी तासभर गप्प राह्यली पाह्यजे, नाही तर सहा महिन्यांचं काम पुन्हा."

पेशी गप्प. आचल गप्प. चाळीस मिनिटं झाली. नितेशने बादली उचलली, दारापर्यंत गेला...

आणि टक. टक टक टक! औषध धो धो चालू, गोगलगाय ठार बेशुद्ध, तरी पेशी अशी वाजली की पार अमरावतीबाहेरच्या नांदगाव पेठ गावात लोक घराबाहेर आले. आचल एवढंच म्हणाली, "घ्या. तिनंच सांगितलं, हो म्हणून." मुक्या जिवालाच कीव आली हो—

"खोटं."

आचल बोलली. दोन वर्षं झाली, आमच्या घरची सून आहे. पलीकडे बसून शेंगा सोलत होती.

"औषध चालू असलं तर पेशी वाजतच नाही, मामाजी. हे दारापर्यंत गेले तवा मीच ते बंद केलं. साधं मिठाचं पाणी सोडून धुऊन काढलं."

तिच्याशेजारी शेंगा सोलणाऱ्या नितेशने हातातली शेंग खाली टाकली. "मंग ते सहा महिन्यांचं काम?"

"केलं ना पुन्हा. दर गुरुवारी गोगलगायी कोण आणून देत होतं?"